शॉप ड्रॉइंगवर पीईचा शिक्का हवा, म्हणजे नेमकं काय हवं?

प्रश्न थोडक्यात असा: पुण्यातल्या एका डिटेलिंग ऑफिसकडे, म्हणजे पोलादी इमारतींच्या भागांची शॉप ड्रॉइंग (कारखान्यात भाग बनवायची ड्रॉइंग) काढणाऱ्या ऑफिसकडे, अमेरिकेतल्या फॅब्रिकेटरचं, म्हणजे ते भाग बनवणाऱ्या कारखान्याचं, काम आहे. स्पेसिफिकेशनमध्ये एक ओळ सापडली, 'सर्व शॉप ड्रॉइंग प्रकल्पाच्या राज्यात परवाना असलेल्या प्रोफेशनल इंजिनिअरने (पीई) तपासून शिक्का मारलेली असावीत.' फॅब्रिकेटरने ती ओळ डिटेलरच्या गळ्यात घातली. ड्रॉइंग जवळजवळ तयार आहेत. आता फक्त शिक्का मारून देणारा कोणी मिळेल का, आणि आपल्याकडच्या चार्टर्ड इंजिनिअरची सही चालेल का?

आधी दुसऱ्या भागाचं उत्तर. चालणार नाही. अमेरिकेत परवाना देशपातळीवर नसतो, तो राज्याचं बोर्ड देतं, आणि इमारत ज्या राज्यात उभी राहणार त्याच राज्याचा लागतो. टेक्सासचा पीई ओहायोच्या कामावर शिक्का मारू शकत नाही, मग इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्सचं चार्टर्ड पद किंवा महापालिकेचा स्ट्रक्चरल इंजिनिअरचा परवाना तिथे कसा चालेल? इलिनॉयमध्ये तर स्ट्रक्चरल कामाला साधा पीईही पुरत नाही, तिथे वेगळा एसई (स्ट्रक्चरल इंजिनिअर) परवाना लागतो. इंजिनिअर भारतात बसतो की अमेरिकेत, हा मुद्दा नाही. पुण्यात बसणाऱ्या माणसाकडे त्या राज्याचा चालू परवाना असेल आणि तो कामावर खरंच देखरेख ठेवत असेल, तर त्याचा शिक्का चालतो.

पहिल्या भागाचं उत्तर जास्त महत्त्वाचं आहे. 'फक्त शिक्का मारून देणारा' शोधूच नका. दुसऱ्याने पूर्ण केलेल्या कामावर, आपली देखरेख नसताना, शिक्का मारणं याला तिकडे प्लॅन स्टॅम्पिंग म्हणतात आणि राज्यांची बोर्डं त्यासाठी परवान्यावर कारवाई करतात. बहुतेक राज्यांच्या नियमांत 'रिस्पॉन्सिबल चार्ज' ही अट असते: अभियांत्रिकी निर्णय त्याने घेतलेले असावेत, किंवा ते घेतले जात असताना तो त्यांवर नियंत्रण ठेवून असावा. त्यामुळे ठरावीक रकमेत शंभर शीटवर दोन दिवसांत शिक्का मारून द्यायला कोणी तयार झाला, तर तो स्वस्त पडतोय असं समजू नका. त्याच्या शिक्क्याला उद्या कोणी आव्हान दिलं की तुमचं सगळं सबमिशन धोक्यात येतं.

आता मूळ ओळीकडे. त्या एका वाक्याखाली चार वेगवेगळ्या मागण्या दडलेल्या असू शकतात, आणि वेळ-पैशाचं गणित प्रत्येकीचं निराळं आहे. पहिली, जोडांच्या डिझाइनची गणितं शिक्क्यानिशी द्या. दुसरी, शॉप आणि इरेक्शन (साइटवरच्या उभारणीच्या) ड्रॉइंगमध्ये ते डिझाइन बरोबर उतरलं आहे असं त्या इंजिनिअरचं लेखी पत्र द्या. तिसरी, जिने, रेलिंग, शिड्या यांसारखी जी वस्तू फॅब्रिकेटरच्याच इंजिनिअरने डिझाइन केली आहे, तिच्या ड्रॉइंगवर शिक्का द्या. चौथी, खरोखर प्रत्येक शीटवर, म्हणजे एकेका बीमच्या कटिंग लांबीसकट, शिक्का द्या. स्पेसिफिकेशन बहुतेक वेळा जुन्या कामातून उचलून चिकटवलेलं असतं. ईओआरला, म्हणजे इमारतीच्या मूळ स्ट्रक्चरल इंजिनिअरला, पहिल्या दोन गोष्टींनी सहसा समाधान होतं. चौथी मागणी ऐकून तोही कधीकधी गोंधळतो.

प्रत्येक शीटवर शिक्का मारायला इंजिनिअर का नाखूश असतात, हे समजून घ्या. शॉप ड्रॉइंग हे फॅब्रिकेटरचं कामाचं कागदपत्र आहे. त्यात कापायची लांबी, भोकांची मापं, पीस मार्क (प्रत्येक नगाचा खुणेचा क्रमांक), रंगकाम असं सगळं असतं, आणि यातलं बहुतेक अभियांत्रिकी डिझाइन नव्हे. शिक्का मारला की या सगळ्याची हमी दिल्यासारखं होतं. कापायच्या लांबीतली चूक ही डिझाइनसेवेतली चूक नसल्यामुळे इंजिनिअरची व्यावसायिक विमा पॉलिसी अशा हमीला सहसा कव्हर देत नाही. म्हणून चौथ्या मागणीवर अडून बसलेला ग्राहक असेल, तर शिक्क्याशेजारी स्पष्ट टीप हवी: हा शिक्का फक्त या शीटवरच्या जोडांच्या डिझाइनपुरता आहे, मापं, नगसंख्या, जुळणी आणि कामाच्या पद्धती याची जबाबदारी फॅब्रिकेटरची. काही राज्यांत अशी मर्यादा कशी लिहायची याचेही नियम आहेत, ते इंजिनिअरने बघायचे.

अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ स्टील कन्स्ट्रक्शनची नियमसंहिता, एआयएससी ३०३, जोडांच्या डिझाइनचे तीन पर्याय देते. पहिला, ईओआर स्वतः पूर्ण जोड काढून देतो. दुसरा, ईओआर तक्ते किंवा नमुनाजोड देतो आणि अनुभवी डिटेलर त्यातून निवड करून तपशील पूर्ण करतो. तिसरा, जोडांचं डिझाइन फॅब्रिकेटरकडे काम करणाऱ्या परवानाधारक इंजिनिअरवर सोपवलं जातं. कोणत्या जोडाला कोणता पर्याय लागू हे ईओआरच्या ड्रॉइंगवर लिहिलेलं असायला हवं. ते लिहिलेलं नसेल तर पहिला आरएफआय (लेखी खुलासा मागणारं पत्र) तिथेच टाका. पर्याय १ आणि २ मध्ये फॅब्रिकेटरच्या बाजूने पीईचं कामच उरत नाही, आणि तरीही शिक्का मागितला असेल तर तो कशासाठी, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

तिसऱ्या पर्यायात संहिता बऱ्यापैकी स्पष्ट आहे. जोडाचं डिझाइन करणारा इंजिनिअर शॉप आणि इरेक्शन ड्रॉइंग बघतो आणि त्यांत आपलं डिझाइन बरोबर उतरलं आहे असं लेखी कळवतो. हे तपासणं ईओआरच्या मंजुरीची जागा घेत नाही. ईओआरनेही आपला आढावा घ्यायचाच आहे. त्याची मंजुरी म्हणजे फॅब्रिकेटरने करारातली कागदपत्रं बरोबर समजून घेतली आणि जोड मान्य आहेत, इतकंच. त्या मंजुरीमुळे मापांची आणि जुळणीची जबाबदारी फॅब्रिकेटरवरून हटत नाही. दोन इंजिनिअर आहेत म्हणून डिटेलिंग ऑफिसमधला चेकर कमी करायचा विचार मनात येतो, त्यासाठी हे सांगितलं. भोक १ इंच सरकलं तर ते शोधणं दोघांच्याही कामात बसत नाही.

दोघांच्या मध्ये काय निसटू शकतं याचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण १७ जुलै १९८१ चं आहे, कॅन्सस सिटी, मिसुरीतल्या हयात रिजन्सी हॉटेलचं. दुसऱ्या आणि चौथ्या मजल्याचे लटकते पूल एकाखाली एक होते. मूळ कल्पनेत छतापासून दुसऱ्या मजल्यापर्यंत सलग रॉड होते. पुढे शॉप ड्रॉइंगच्या टप्प्यावर ते दोन तुकड्यांत झाले: एक रॉड छतापासून चौथ्या मजल्यापर्यंत, दुसरा चौथ्यापासून दुसऱ्यापर्यंत. कागदावर किरकोळ दिसणारा हा बदल. पण त्यामुळे चौथ्या मजल्याच्या बॉक्स बीमखालच्या नटवर एका पुलाऐवजी दोन पुलांचं वजन आलं. बॉक्स बीम म्हणजे दोन सी-आकाराचे चॅनेल समोरासमोर, कडेला कडा लावून वेल्ड केलेले, आणि भोक नेमकं त्या वेल्डच्या रेषेवर. पूल कोसळून ११४ माणसं गेली. नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्सच्या तपासात निघालं की प्रत्यक्ष बांधलेल्या जोडाची ताकद शहराच्या बांधकाम नियमांनुसार अपेक्षित ताकदीच्या सुमारे ३१ टक्के होती, आणि मूळ सलग रॉडचा जोडही ६० टक्क्यांच्या आसपासच भरला असता. म्हणजे बदल नसता केला तरी जोड अपुराच होता, कारण त्याचं गणित कोणीच केलं नव्हतं. शॉप ड्रॉइंगवर इंजिनिअरचा आढाव्याचा शिक्का मात्र होता. जबाबदार इंजिनिअरांचे मिसुरीतले परवाने रद्द झाले. जोड फॅब्रिकेटर डिझाइन करेल असं एका बाजूने धरलं, इंजिनिअरने केलंय असं दुसऱ्या बाजूने. 'हा जोड कोणाचा' हे प्रत्येक जोडापाशी लेखी हवं, असा आग्रह एवढ्यासाठीच धरायचा.

आता कामाचा क्रम. पीईला कामाच्या शेवटी न आणता मॉडेल सुरू होण्याआधी आणा. त्याच्यासाठी डिझाइनची टिपणी तयार ठेवा: एलआरएफडी (भार वाढवून धरणारी पद्धत) की एएसडी (प्रत्यक्ष, म्हणजे सर्व्हिस भारावर चालणारी पद्धत), एआयएससी ३६० या पोलादाच्या डिझाइन संहितेची कोणती आवृत्ती, बोल्टचा व्यास आणि ग्रेड, बोल्टचे आटे (थ्रेड) शिअर प्लेनमध्ये, म्हणजे बोल्ट जिथे कातरला जातो त्या पातळीत, धरायचे की बाहेर, शिअर टॅब (सपोर्टला वेल्ड केलेली एकच पट्टी) हवा की क्लिप अँगल (एल-आकाराचे तुकडे), फील्ड वेल्ड चालेल का, आणि प्रत्येक बीम टोकाला सपोर्टवर जो भार टाकतो ते रिअ‍ॅक्शन. एलआरएफडी आणि एएसडी यांची सरमिसळ ही सर्वात महागडी चूक. ३/४ इंच ए३२५ बोल्ट, थ्रेड आत, एका शिअर प्लेनमध्ये एलआरएफडीने १७.९ किप (एक किप म्हणजे १,००० पाउंड) देतो आणि एएसडीने ११.९. ड्रॉइंगवर लिहिलेलं रिअ‍ॅक्शन सर्व्हिस भाराचं आणि तक्ता एलआरएफडीचा, असं झालं की जोड हव्या त्याच्या सुमारे दोन-तृतीयांश ताकदीचाच होतो आणि चित्रात काहीच दिसत नाही.

रिअ‍ॅक्शन न देता ईओआर जेव्हा 'बीमच्या एकूण यूडीएल (एकसारखा पसरलेला भार) क्षमतेच्या निम्म्यावर जोड करा' अशी टीप टाकतो, तेव्हा हात आखडता घेऊ नका, लगेच विचारा. डब्ल्यू१६×२६ (सुमारे १६ इंच खोल, फुटाला २६ पाउंडाचा बीम) घ्या. ए९९२ पोलादात त्याची बेंडिंग क्षमता सुमारे १६६ किप-फूट. २० फूट स्पॅनला या टीपेप्रमाणे रिअ‍ॅक्शन येतं साधारण ३३ किप, तीन बोल्टचा साधा शिअर टॅब. तोच बीम ६ फुटांचा असेल तर आकडा ११० च्या पुढे जातो, आणि वेबची, म्हणजे बीमच्या मधल्या उभ्या पत्र्याची, शिअर क्षमता आहे १०६. लिफ्टच्या शाफ्टभोवतीच्या लहानशा बीमला सात-आठ बोल्टचा जोड काढायचा, जो त्या खोलीत मावतच नाही, आणि खरा भार कदाचित ८ किप असतो. एका आरएफआयने हे मिटतं. तो न टाकता डिटेलर रात्र जागवतो.

त्यानंतर नमुनाजोडांची गणितं ईओआरकडे पाठवा: प्रत्येक प्रकारातला एक, म्हणजे बीम टू कॉलम फ्लँज (कॉलमचा बाहेरचा पत्रा), बीम टू वेब, बीम टू बीम कोपसकट (कोप म्हणजे बीमच्या टोकाला फ्लँज कापून घेतलेली खाच), ब्रेसिंगचा गसेट (जोडपट्टी), मोमेंट जोड (बीमचं टोक फिरू न देणारा). हे मंजूर होण्याआधी टेक्ला किंवा एसडीएस२ या मॉडेलिंग सॉफ्टवेअरमध्ये दोनशे जोड लावून ठेवले तर ते पुन्हा उलगडावे लागतात. कॉलमला स्टिफनर आणि डब्लर प्लेट (कॉलम बळकट करणाऱ्या जादा पट्ट्या) कोण डिझाइन करणार हेही इथेच विचारा. मोमेंट जोडात हाच मुद्दा अनाथ राहतो.

पीई स्वतः शीटवर काय बघतो हे डिटेलरला माहीत असलं तर परत येणारा लाल शाईचा भार निम्मा होतो. एक जोड जवळून बघू. डब्ल्यू१६×२६, वेब १/४ इंच, वरून कोप, तीन ३/४ इंच बोल्ट, उभं अंतर ३ इंच, वरच्या बोल्टपासून कोपच्या कडेपर्यंत १ १/४ इंच, बीमच्या टोकापर्यंत आडवं १ १/२ इंच. मागणी ५० किप एलआरएफडी. डिटेलर तक्ता बघतो: ३ गुणिले १७.९, म्हणजे ५३.७, झालं. पण वरचा बोल्ट वेबला कडेकडे फाडू शकतो, त्याची टेअरआउट क्षमता १२.३ च आहे, म्हणून तिन्हींची बेरीज ४८.१ वर येते. ब्लॉक शिअर, म्हणजे बोल्टांभोवतीचा वेबचा तुकडाच फाटून निघण्याविरुद्धची क्षमता, ५० च्या काठावर. शिवाय बीम लांबीत थोडा आखूड येऊ शकतो म्हणून आडव्या अंतरातून १/४ इंच कमी धरायची एआयएससी मॅन्युअलची पद्धत आहे, ती लावली की ब्लॉक शिअर ४६.९ किप. जोड नापास, आणि बोल्ट अजिबात दोषी नाहीत. उपाय सोपा असतो: चौथा बोल्ट लावा, किंवा जागा असेल तर बोल्टची ओळ खाली सरकवून कोपपासूनचं अंतर वाढवा. मात्र बोल्टची जागा तशीच ठेवून कोणी फ्लँज टाळण्यासाठी कोप अर्धा इंच खोल केला, तर उरतात पाऊण इंच, आणि ३/४ बोल्टला किमान १ इंच हवा. कोपची खोली बदलली की गणित परत पीईकडे गेलं पाहिजे, ही सवय ऑफिसात लावून घ्या.

वेल्डमध्ये वारंवार दिसणाऱ्या दोन गोष्टी. शिअर टॅबचं सपोर्टवरचं वेल्ड प्लेटच्या जाडीच्या ५/८ इतकं, दोन्ही बाजूंनी हवं. ३/८ प्लेटला दोन्हीकडे १/४. चिन्हात एकच बाजू आली तर वेल्डर एकच बाजू करतो, तो शीटवर लिहिलेलंच करणार. दुसरी, जाड म्हणजे सुरक्षित असं मानून टॅब १/२ इंचाचा करणं. साध्या भोकांच्या, पाच बोल्टपर्यंतच्या नेहमीच्या टॅबमध्ये ३/४ बोल्टसाठी प्लेट किंवा वेब यांपैकी किमान एक ७/१६ पेक्षा जाड नसावं, म्हणजे टोकाच्या फिरण्यात बोल्टवर जादा ताण येत नाही. आणि १ इंच बोल्टचं साधं भोक २०१६ च्या आवृत्तीपासून १ १/८ इंच झालं आहे. जुन्या लायब्ररीत अजून १ १/१६ बसलेलं असतं, तेही तपासून घ्या.

उभारणीच्या सुरक्षेचे ओशाचे (अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा संस्थेचे) नियमही पीईच्या यादीत असतात, कारण ते जोडावर परिणाम करतात. प्रत्येक कॉलमला किमान चार अँकर रॉड, आणि कॉलमच्या बाहेरच्या कडेपासून १८ इंचांवर ३०० पाउंड भार झेलेल असा पाया. कॉलमच्या वेबला दोन्ही बाजूंनी एकाच बोल्टवर येणाऱ्या दोन बीमना, दुसरा बीम लावताना पहिला किमान एका बोल्टवर धरून राहील अशी सोय. ही सोय शॉप ड्रॉइंगवर दिसलीच पाहिजे: एका बीमचा अँगल एका बोल्टने लांब ठेवा किंवा सीट लावा.

जिने आणि रेलिंग ही जागा वेगळी, कारण तिथे फॅब्रिकेटरचा पीई जोडांसोबत सगळ्या सदस्यांचंही डिझाइन करतो, म्हणून शीटवरचा शिक्का तिथे रास्तच आहे. जिन्यावर १०० पाउंड प्रति चौरस फूट, रेलिंगवर सलग ५० पाउंड प्रति फूट किंवा एका बिंदूवर २०० पाउंड, दोन्ही एकाच वेळी नाहीत. पोस्टमधलं अंतर ४ फुटांच्या वर गेलं की ५० चा भार २०० ला मागे टाकतो: ५ फुटांवर पोस्टला २५० पाउंड, ४२ इंच उंचीला १०,५०० पाउंड-इंच मोमेंट. हा मोमेंट पोस्टच्या पायातल्या दोन बारीक बोल्टांवर येतो, आणि बऱ्याच ड्रॉइंगमध्ये नेमका तोच तपशील 'टिपिकल' म्हणून सुटतो. असे घटक डिफर्ड सबमिटल (परवानगीच्या अर्जासोबत न देता नंतर सादर करायचे) असतील तर ईओआरने आढाव्याची नोंद केल्यावरच ते बिल्डिंग ऑफिशिअलकडे जातात, तो वेळ वेळापत्रकात धरा.

शिक्क्याची यांत्रिक बाजूही लक्षात ठेवा. शिक्क्याचं चित्र पीडीएफवर चिकटवणं म्हणजे डिजिटल शिक्का नव्हे. अनेक राज्यांत प्रमाणपत्रावर आधारित डिजिटल सही लागते, जी फाइल बदलली की तुटते. म्हणून सगळ्या शीट एकत्र करून, पाननंबर टाकून, ट्रान्समिटल (सोबतचं यादीपत्र) तयार करून मगच सही घ्या. सहीनंतर कोणी पानं जोडली की पाकीट परत फिरतं. परवान्याची मुदत तपासा, आणि पीई कंपनीच्या नावाने काम करत असेल तर त्या राज्यात कंपनीला वेगळी नोंदणी लागते का, तेही.

शिक्का त्या एका रेव्हिजनचा असतो. रेव्ह १ वर शिक्का, मग ईओआरच्या शेऱ्यांमुळे रेव्ह २, आणि क्लाउड केलेल्या (बदल दाखवायला ढगासारखी रेघ काढलेल्या) जागेत एका जोडाचा बोल्ट पॅटर्न बदललेला. जुना शिक्का रेव्ह २ ला आपोआप लागू होत नाही. बदल फक्त मापाचा असेल तर पीईला ईमेलने कळवून त्याचं 'जोडावर परिणाम नाही' हे उत्तर फाइलला लावा. जोडाचा असेल तर गणिताची नवी पानं आणि नवीन पत्र. साइटवरून येणाऱ्या दुरुस्त्यांनाही हाच नियम: चुकलेल्या भोकाच्या जागी वेल्ड करायचं ठरलं तर तो निर्णय इंजिनिअरचा, फोरमनचा नाही. अँकर रॉड कापायचा, वाकवायचा किंवा बदलायचा असेल तर ओशाच्या नियमाप्रमाणे मूळ इंजिनिअरची मंजुरीही लागते.

तुमच्या आजच्या परिस्थितीत, ड्रॉइंग तयार असताना, रस्ता असा. फॅब्रिकेटरमार्फत ईओआरला विचारा की वर सांगितलेल्या चारपैकी कोणती मागणी आहे, आणि कोणते जोड तिसऱ्या पर्यायात आहेत. त्या राज्याचा परवाना असलेला पीई शोधा आणि त्याला 'शिक्का' म्हणून न नेमता जोडांचं डिझाइन म्हणून नेमा. त्याने मॉडेल, रिअ‍ॅक्शन आणि तुमची गणितं घेऊन स्वतः जोड पुन्हा काढू दे, त्यात बदल निघतील ते निघू दे. त्याच्या लाल खुणा असलेल्या शीट, कॉलची टिपणं, ईमेल हे सगळं जपा, कारण देखरेख होती याचा पुरावा तोच. आणि फॅब्रिकेटरशी पुढचा करार करताना कोट देण्याआधी स्पेसिफिकेशनचं पोलादाचं प्रकरण उघडून 'सील' आणि 'डेलिगेटेड' (सोपवलेलं) हे दोन शब्द शोधा. सापडले तर पीईची फी वेगळ्या ओळीत लिहा, डिटेलिंगच्या टनामागच्या दरात मिसळू नका.